जावयाच्या हातची सळई

माझं कोणी खरं मानलं नाही. चार महिने मी करकरले, फटीतून भुगा सांडला, पावसात तांबडे ओघळ काढून भिंत रंगवली, तरी घरातल्या शहाण्या माणसांचं उत्तर एकच. म्हणे, ऊन-पाणी खाल्लं की लोखंड थोडा आवाज करतंच. अरे, लोखंडाला खोटं बोलायची सोय नसते. ती माणसांना दिलेली आहे. म्हणून आता सगळं होऊन गेल्यावर मीच तोंड उघडते.

मी सळई. चार सुताची, म्हणजे अर्धा इंच जाड, अंगावर तिरपे वळ असलेली. वर्ध्याजवळ पिपरी मेघेत रूपरावजींच्या घराला जी गॅलरी आहे, खरं तर होती म्हणायला पाहिजे, तिच्या डाव्या अंगाची पहिली सळई मी. भिंतीत कोंबून, वरून सिमेंट ओतून, टाइल बसवून मला गप्प केलेलं होतं. म्हणून बोलण्यात तिखटपणा जास्त लागला तर चालवून घ्या.

जन्म माझा भट्टीतला, बाप भंगार. माझ्यात कोण्या बैलगाडीच्या चाकाची धाव आहे, फुटका बंब आहे, एका शाळेची चिरलेली घंटा आहे आणि एका म्हातारीचा अडकित्ता आहे. तो अडकित्ता माझ्यात जरा जास्तच उतरला. तिथून दुकानात आले, दुकानातून ठेल्यावर. माझं शेपूट रस्त्यावर घासत होतं, त्याला लाल चिंधी बांधली होती. नव्या नवरीसारखी वाजत-खरडत मी पिपरीत आले.

रूपरावजींचं घर सहा वर्षांआधीच बांधून झालेलं. त्यात काही कमी नव्हतं. मग समोरच्या नत्थूजींनी गॅलरी काढली, आणि त्या दिवसापासून रूपरावजींना आपलं घर नाक नसलेल्या माणसासारखं दिसायला लागलं. साहेब जन्मभर हपिसात बाबू होते. निवृत्त झाले, पण फाईल सुटली नाही. घराच्या कामाचीही फाईल होती, जाड पुठ्ठ्याची, नाडी बांधलेली. मजूर किती वाजता आले, खिळे किती आले, कोण काय बोललं, सगळं तारीख-वेळ टाकून लिहायचे. ही फाईल लक्षात ठेवा.

आता जुन्या घराला नवी गॅलरी जोडायची, तर सळया नव्या अन बीम जुना. त्यासाठी बिमात वीतभर खोल भोकं पाडतात. भोकातला भुगा ब्रशनं काढायचा, पंपानं फुंकायचा, पुन्हा ब्रश, पुन्हा फुंकायचं. मग गननं केमिकल भरायचं आणि लगेच, हात न थांबवता, सळई फिरवत फिरवत पार तळापर्यंत घालायची. त्यानंतर दिवसभर तिला बोट लावायचं नाही. एवढं नीट केलं तर सळई आणि बीम एक होतात, मग त्याला हत्ती बांधा.

हे फुंकायचं काम पंचफुलाबाईकडे. ताराचंद मिस्त्रीच्या हाताखाली अकरा वर्षं झालेली बाई. भुवया नेहमी पांढऱ्या, म्हातारपणानं नाही, सिमेंटच्या भुग्यानं. मिस्त्री म्हणे दोनदा फुंकलं की पुरे. ही चारदा फुंकायची. घरची सून अंकिता चहा घेऊन आली तेव्हा तिनं विचारलं, मावशी, एवढं काऊन फुंकता? पंचफुलाबाई म्हणाली, "भोकात भुगा राह्यला तं केमिकल भुग्याले चिकटते, बिमाले नाई. वरतून दिसाले सारखंच दिसते माय. पडते तवा समजते."

अंकिता बी. कॉम. झालेली, पण त्या घरात तिचं शिक्षण पोळ्या गोल होतात की नाही एवढ्यावरच तपासलं जायचं. ती चहाचे कप घेऊन जायच्या ऐवजी तिथंच उकिडवी बसली. केमिकलच्या डब्यात जो कागद होता, त्यावर चित्रं होती. एका चित्रात घड्याळ, त्याच्या बाजूला सूर्य. पंचफुलाबाईला अक्षर येत नाही, पण तिनं चित्रावर बोट ठेवून सांगितलं की ऊन जेवढं जास्त, वेळ तेवढा कमी. अंकितानं खालचं बारीक वाचलं. बाईचं बरोबर होतं.

सकाळी आठ वाजता, ऊन चढायच्या आधी, उजव्या अंगाच्या चार सळया पंचफुलाबाईनं अन मिस्त्रीनं घातल्या. तळापर्यंत गेल्या. माझ्या त्या चार बहिणी. त्यांचं पुढं नाव येईल.

राहिलो आम्ही पाच. आम्हाला थांबवलं गेलं, कारण जावई यायचे होते.

महिना अधिकाचा होता, जावयाला बोलावून धोंडे खाऊ घालायचा. रूपरावजींची लेक आर्वीला दिलेली, जावई रजतबाबू. शेजाऱ्यांनी टोकलं की अधिकात नवं बांधकाम करत नाहीत. रूपरावजी म्हणाले, हे नवं नाहीच, जुन्याला जोड आहे. आणि त्याच तोंडानं, त्याच दिवशी, मिस्त्रीला म्हणाले की शुभ काम आहे, पाच सळया तरी जावईबापूंच्या हातानं बसल्या पाहिजेत. म्हणजे देवाला सांगायला नवं नाही, आणि जावयाला सांगायला शुभारंभ. माणसाच्या तोंडाला दोन भोकं असती तर मला समजलं असतं. पण एकच आहे.

मे महिना, बाराचं ऊन. वर्ध्याचं ऊन काय असतं ते वर्ध्याच्या माणसाला सांगू नये आणि बाकीच्यांना सांगून उपयोग नाही. मी अंगणात पडल्या पडल्या तव्यासारखी तापले होते. तेवढ्यात फोन आला. रजतबाबू म्हणाले, वर्ध्यात उतरलो, पाच मिनिटांत पोचतो.

रूपरावजी उठले. "मिस्त्री, पाचही भोकं भरून ठेव. जावई काय हातात सळई घेऊन उभे राहतीन का?"

पंचफुलाबाईनं पंप खाली ठेवला. "बाबूजी, हे थांबत नाई. ऊन पाह्यलं का? दहा-पंधरा मिनिटांत गोटा होते."

ताराचंद मिस्त्री तिला म्हणाला, तू घमेलं उचल. आणि त्यानं पाचही भोकं भरली. त्याला माहीत नव्हतं असं नाही. पण ज्याच्या घरी काम करायचं त्याच्या तोंडाकडे पाहून काम करायची सवय झाली, की हातातलं काम आपोआप आंधळं होतं. रूपरावजींनी फाईल उघडली आणि लिहिलं: केमिकल भरले, दुपारी बारा.

आता जावयाची पाच मिनिटं ऐका. स्टँडवर त्यांनी उसाचा रस घेतला. मग तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटून घेतला, कारण सासऱ्यासमोर मागता येत नाही. मग ऑटो. दारात आल्यावर पाय धुतले, औक्षण झालं, पाट, टोपी-टॉवेल, लिंबाचं सरबत. इकडे पंचफुलाबाई खिळ्यानं भोकातलं केमिकल टोचून पाहत होती. आधी मधासारखं, मग गुळाच्या पाकासारखं, मग चिक्कीसारखं.

अंकिता दोनदा आत जाऊन आली. दुसऱ्यांदा सासूनं, रुख्माबाईनं, तिला ताटाआडून सुनावलं. "जावई सरबत पिऊन राह्यले, अन तुले केमिकलची पडली. थंडं घे जरा."

बारा चाळीसला रजतबाबू आले. माणूस वाईट नाही हो. गोरागोमटा, हसरा, सगळ्यांना हो म्हणणारा. मला हळदकुंकू लावलं. टॉवेलात धरून त्यांनी मला भोकात घातलं. चार बोटं आत गेले आणि थांबले. वीतभर जायचं होतं.

"झालं?" त्यांनी विचारलं.

"झालंच," रूपरावजी म्हणाले. "काय जोर आहे हातात."

दुसरी तीन बोटं गेली. तिसरी, चौथी तेवढ्याच. पाचवी दोनच बोटं. जावईबापूंना घाम आला, म्हणून त्यांनी खांद्यावरची बॅग काढून माझ्यावरच टांगली आणि घाम पुसला. मला दिवसभर बोट लावायचं नव्हतं. बॅगेत आर्वीहून आणलेला चिवडा होता, दोन किलो. मग फोटो निघाला. रूपरावजींनी फाईलीत लिहिलं: डाव्या अंगाच्या पाच सळया जावईबापूंच्या शुभहस्ते, दुपारी बारा चाळीस.

ते आत धोंडे खायला गेले, तेव्हा पंचफुलाबाई मिस्त्रीजवळ येऊन म्हणाली, "दोन बोटं बाजूले दुसरे भोकं पाडू. माल उरला आहे. अर्ध्या घंट्याचं काम आहे मिस्त्री."

ताराचंदनं ड्रिल उचललंही होतं. लाज होती थोडी त्याच्यात. पण आवाज ऐकून रूपरावजी हात धुता धुता बाहेर आले. जावयाच्या हातची सळई उपटता? अधिकात? तो आत अनारसे खाऊन राहिला आणि तुम्ही बाहेर त्याचं काम रद्द करता? अंकिता मध्ये बोलली, मामाजी, उपटत नाही, बाजूला दुसऱ्या घालतो. ते म्हणाले, बाजूला दुसरी घालणं म्हणजे पहिलीचा अपमानच.

मग ड्रिल खाली ठेवलं आणि कटर आलं. आम्ही पाच जणी आत कमी गेलो होतो, म्हणून बाहेर जास्त दिसत होतो. तेवढं कापून टाकलं. बाहेरून पाहणाऱ्याला नऊही बहिणी एकसारख्या. या देशात कितीतरी गोष्टी अशाच सारख्या केलेल्या आहेत, पण मी लहान तोंडी मोठा घास घेत नाही.

जाता जाता पंचफुलाबाई अंकिताच्या कानाशी लागली. "बाई, जोडावर भेग दिसली तं तिच्यावर चुन्याचं बोट लावजा. चुना फुटला तं समजजा, हालून राह्यली."

स्लॅब टाकला, टाइल बसल्या, स्टीलचं रेलिंग चमकलं. आणि जावयानं उलटा मान म्हणून एक झुला पाठवला, लोखंडी पायांचा, दोन माणसं बसतील असा. तो नेमका डाव्या अंगाला ठेवला, कारण तिथून नत्थूजींना चांगला दिसायचा.

चार बोटांवर मी किती धरणार? पहिल्या महिन्यात मी करकरले. रूपरावजी म्हणाले, नवी गॅलरी आहे, अंग सोडते. दुसऱ्या महिन्यात भेग पडली, केसासारखी. अंकितानं सासूच्या पानाच्या डब्यातला चुना घेतला आणि बोट लावलं. आठ दिवसांत फुटला. पुन्हा लावला, पुन्हा फुटला. तिसऱ्यांदा नवऱ्याला, मुकेशला, हाताला धरून दाखवलं. मुकेश खाली बसला, पाहिलं, आणि म्हणाला, "चुना आहे तो. वाळला का फुटतेच." मग उठता उठता म्हणाला, "बाबाले सांगू नोको."

तिला पाच वर्षांची पोर, रक्षा. त्या पोरीचा जीव झुल्यात. शाळेतून आली की दप्तर फेकून गॅलरीकडे धावायची. एक दिवस अंकितानं गॅलरीच्या दाराला कुलूप घातलं आणि चाबी मंगळसूत्रात ओवली.

घरात काय झालं असेल ते तुम्हाला सांगायला नको. नणदेच्या घरून आलेलं हिला पाहवत नाही. नत्थूजी विचारतात, झुला दाखवायचा आहे की बसायचा? रुख्माबाई तिला समजवायची, मग टोमणे मारायची, मग पुन्हा समजवायची. अंकिता एकच म्हणे, पडेल आई ते. एकदा ते पंचफुलाबाईला दाखवा, मग उघडते. रूपरावजी म्हणाले, घमेलं उचलणारी बाई माझ्या घराची तपासणी करणार का? मी भिंतीत होते. मला हात असते तर त्यांच्या फाईलीची नाडी त्यांच्याच तोंडाला बांधली असती.

भादव्यात महालक्ष्म्या बसल्या. जेवणाच्या दिवशी घर माणसांनी भरलं. पुरणपोळ्या, आंबील, सोळा भाज्या. जावईबापू पोटभर जेवले, सुपारी चघळत उठले आणि म्हणाले, मामंजी, आपल्या झुल्यावर जरा टेकतो.

दाराला कुलूप.

पाहुण्यांसमोर रुख्माबाईनं हात पुढे केला. "चाबी दे अंकिता."

"नाई देत आई."

एवढंच बोलली. आवाज चढवला नाही. पण महालक्ष्म्यांसमोर, वीस पाहुण्यांत, सुनेनं नाही म्हटलेलं त्या घरानं पहिल्यांदा ऐकलं. मुकेशनं खाली मान घातली. त्याला तेवढंच चांगलं जमायचं. रूपरावजी आतून पेचकस घेऊन आले आणि त्यांनी कुलूप तसंच ठेवून कडीचे स्क्रूच काढले. बाबू माणूस, वाट काढणारच.

रजतबाबू झुल्यावर बसले. त्यांनी हात पसरले. "ये रक्षा, ये बेटा, मांडीवर."

पोर धावली आणि अंकितानं तिला मनगटाला धरून मागं ओढलं. रक्षा आडवी पडून रडायला लागली. बायकांत कुजबुज सुरू झाली. रुख्माबाईचा चेहरा तांबडा झाला. "पोरीले तरी बसू दे. आत्याचा नवरा आहे, राक्षस नाई." अंकितानं मनगट सोडलं नाही. पोरीनं तिच्या हाताला चावलं, तरी सोडलं नाही. दात उमटले होते, मी पाहिलं.

जावईबापूंनी ते अवघडलेपण घालवायला झुला हलवला. एक. दोन. तिसऱ्या झोक्याला मी सुटले.

खरं सांगते, मी फार धरलं होतं. पण ज्याला धरायचं त्यात मी गेलेलेच नव्हते. आम्ही पाचही बाहेर आलो, एकामागून एक, बुचासारख्या. डावा कोपरा फूटभर खचला आणि खाली गेटच्या खांबावर टेकला. उजव्या अंगाच्या माझ्या चार बहिणी, पंचफुलाबाईनं चारदा फुंकलेल्या, हलल्या नाहीत. त्यांच्यामुळे गॅलरी पुरती गेली नाही. झुला जावयासकट घसरत गेला आणि रेलिंगवर आदळला. रजतबाबू दोन गजांत आडवे अडकले, पोट सुटलेलं होतं म्हणून. गुडघा फुटला. मुकेशनं त्यांना कॉलर धरून ओढून काढलं.

त्या दोन गजांतून पाच वर्षांचं लेकरू सरळ खाली गेलं असतं. हे तिथल्या प्रत्येकाला दिसलं. कोणी म्हटलं नाही. रक्षा मात्र रडायची थांबली आणि आईच्या हातावरचे दात मोजायला लागली.

गुडघ्यावर हळद लागली, बर्फ लागला, आणि मग दोष कोणाचा, याची सभा बसली. आधी केमिकल वाईट निघालं. मग ऊन. मग अधिक महिना. मग ताराचंद मिस्त्रीला बोलावलं. तो म्हणाला, पंचफुलानं भोकं नीट फुंकली नसतील. तिलाही बोलावलं.

ती आली, चप्पल दारात काढली आणि सरळ गॅलरीच्या तोंडाशी जाऊन उभी राहिली. "हे चार म्याच फुंकले. राह्यले ना? ते पाचही म्याच फुंकले. हात तोच, पंप तोच. मंग मंधात काय झालं ते मले नोका विचारू. तुमीच सांगा."

सगळ्यांच्या नजरा जावयाच्या गुडघ्यावर जाऊन आल्या.

तेव्हा अंकिता उठली, कपाटातून फाईल काढली, नाडी सोडली आणि वाचलं. केमिकल भरले, दुपारी बारा. डाव्या अंगाच्या पाच सळया जावईबापूंच्या शुभहस्ते, दुपारी बारा चाळीस. दोन ओळी वाचल्या, फाईल सासऱ्याच्या मांडीवर ठेवली आणि बसली. रजतबाबूंनी मान खाली घातली. म्हणाले, "मामंजी, मले कोणी सांगतलंच नाई." खरं होतं ते. जावयाला कोणी काही सांगतं का?

मला वाटलं, आता झालं. लेखी पुरावा आहे, स्वतःच्या अक्षरातला.

पण रुख्माबाईला आठवलं. "चार महिने ही म्हणून राह्यली, पडेल, पडेल. लक्ष्म्या घरात बसलेल्या, अन हिच्या तोंडात तेच. तोंडातून निघालं ते झालं." आणि सभेनं असा श्वास सोडला की मला इथवर वारा लागला. हो की. बरोबर आहे. म्हटलं नसतं तर पडलं नसतं.

आता मी अशी आहे. गॅलरीला खालून टेकूला लाकडी बल्ल्या लावल्या आहेत, आणि मी बिमातून निघून उघड्यावर लोंबकळते. माझ्या टोकाला अजून चार बोटं केमिकलची टोपी आहे, चिक्कीसारखी. पंचफुलाबाई परवा नवी भोकं पाडायला येणार आहे. या खेपेला अंकिता घड्याळ घेऊन उभी राहणार म्हणे. मी परत भंगारात जाईन. पुढच्या जन्मी काहीही करा, विळी करा, सांडशी करा. सळई केलंत तर एवढी विनंती ऐका. जावयाला पुरणपोळी द्या, टोपी द्या, त्याची मूर्ती करून पूजा करा. पण केमिकल त्याच्यासाठी थांबत नाही. आणि घरातली बाई पडेल म्हणाली, तर एकदा खाली वाकून पाहा.

फाईलीचं सांगायचं राहिलं. मला वाटलं होतं रूपरावजी ते पान फाडतील. पण बाबू कागद कधी फाडत नाही, तो खाली आणखी एक ओळ लिहितो. पाहुणे गेल्यावर ते खुर्ची ओढून बसले, चष्मा पुसला, तारीख टाकली, वेळ टाकली. मग लिहिलं: गॅलरी खचली. कारण घरातून वारंवार अशुभ उच्चार. जबाबदार व्यक्ती, सौ. अंकिता.